टीव्हीतलं भूत आणि द्रोणागिरीचा डोंगर

आधीच कबूल करते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी ही माझी घरात भांडायची भाषा, लिहायची नव्हे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर त्या संपादकांच्या डोळ्यांतून सुटल्या असं समजा!

या लेखाला कारण झाली एक व्हायवा. मागच्या सेममध्ये माझा आणि माझ्या पार्टनरचा मिनी प्रोजेक्ट होता, डिजिटल टीव्हीच्या ओएफडीएम पद्धतीचं सिम्युलेशन. कोड चालत होता, आलेख रंगीत होते, जर्नलवर सही झाली होती. एक्सटर्नल सरांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. "तुम्ही प्रत्येक सिंबॉलच्या आधी त्याचीच शेपटी कॉपी करून लावलीय. का? तिथे काहीच पाठवलं नाही, नुसतं गप्प बसलं तर?"

मी म्हटलं, "चालेल, सर."

सर म्हणाले, "मग कॉपी का केली?"

आता खरं उत्तर होतं "पुस्तकात तसं आहे म्हणून". ते मी दिलं नाही, पण सरांना कळलं असावं. त्यांनी मार्क दिले, ओरडले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्या शनिवारी मी घरी उरणला गेले तेव्हा तो प्रश्न डोक्यात होताच. उत्तर सापडलं ते आमच्या गच्चीवर, एका गंजलेल्या पाइपाजवळ. म्हणजे अगदी न्यूटनच्या सफरचंदासारखं नाही, दोन दिवस वह्या फाडल्या, पण सुरुवात तिथून झाली.

तो पाइप म्हणजे आमच्या जुन्या टीव्हीच्या अँटेनाचा खांब. अँटेना कधीच गेली, आता आजी त्याला कपड्यांची दोरी बांधते. पप्पा सांगतात, ते शाळेत असताना घरात 20 इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि एकच चॅनेल, मुंबई दूरदर्शन. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि वरळीचा मनोरा 300 मीटर उंच. उरणहून वरळी सरळ रेषेत 19-20 किलोमीटर, मध्ये बहुतेक सगळं पाणी. म्हणजे सिग्नल दणदणीत! मुंग्या कधी आल्याच नाहीत, असं पप्पा म्हणतात. (टीव्हीवरच्या मुंग्या माहीत नसलेल्या ज्युनिअर्सनी आपापल्या घरच्यांना विचारावं.)

पण भूत यायचं. बातम्या देणाऱ्या बाईंच्या उजव्या खांद्यापलीकडे दुसऱ्या फिकट बाई, त्याच साडीत, तेच ओठ हलवत. मग पप्पा गच्चीवर पाइप फिरवायला, आत्या खिडकीत निरोप द्यायला, आणि आजोबा टीव्हीसमोर. "आयलं का?" "आयलं… थांब तसाच… गेलं!" हा कार्यक्रम मूळ कार्यक्रमापेक्षा जास्त वेळ चालायचा.

ते भूत कुठून आलं हे आमच्या गच्चीवर उभं राहिलं की दिसतं. समोर वायव्येला पाण्यापलीकडे मुंबई. पाठीमागे दक्षिणेकडे करंजाच्या बाजूला द्रोणागिरीचा डोंगर. वरळीहून निघालेली लहर आमच्या अँटेनावर येते, पण तिथेच थांबत नाही. पुढे जाऊन डोंगरावर आपटते आणि तिचा थोडा भाग परत येतो. घर ते डोंगर अंतर अडीच किलोमीटर धरू. डोंगर बरोब्बर सरळ पाठीमागे नाही, म्हणून जाण्यायेण्याचा जादा रस्ता पाच नाही तर साडेचार किलोमीटर धरते. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. एवढा एक आकडा लक्षात ठेवा, पूर्ण लेख त्यावर उभा आहे. 4500 भागिले 300, म्हणजे 15 मायक्रोसेकंद उशीर.

जुन्या टीव्हीत चित्राची एक आडवी रेघ 64 मायक्रोसेकंदांची, त्यातली दिसणारी 52 ची. 20 इंची पडद्याची रुंदी साधारण 40 सेंटिमीटर. म्हणजे एक मायक्रोसेकंद उशीर झाला की चित्र पावणेआठ मिलिमीटर उजवीकडे सरकतं (उजवीकडेच, कारण रेघ डावीकडून उजवीकडे काढली जाते आणि उशिरा आलेलं पुढे पडतं). 15 मायक्रोसेकंदांना साडेअकरा सेंटिमीटर. पप्पांना विचारलं, दुसरी बाई किती लांब दिसायची? त्यांनी हवेत वीत धरून दाखवली, मग जरा आवळली. मला तेवढा पुरावा पुरे झाला! विचार करा, फूटपट्टी टीव्हीवर ठेवून डोंगराचं अंतर मोजता आलं असतं. पाण्याची टाकी, शेजारची इमारत असे जवळचे प्रतिध्वनीही असायचे, पण 150 मीटरच्या जादा रस्त्याला अर्धा मायक्रोसेकंद, म्हणजे चार मिलिमीटरसुद्धा नाही. त्याला कोणी भूत म्हणत नसे, नुसत्या कडा डबल दिसायच्या.

आणखी दोन गोष्टी पप्पांनी सांगितल्या ज्या मला तेव्हा गंमत वाटल्या आणि नंतर महत्त्वाच्या निघाल्या. एक, काकांनी पगारातून बूस्टर आणला. भूत गेलं नाही, उलट टवटवीत झालं. साहजिक आहे, बूस्टरला काय कळणार कोणती लहर वरळीची आणि कोणती डोंगराची? दोघींना सारखंच वाढवतो. मल्टिपाथचा आजार अशक्तपणाचा नाही, त्यामुळे टॉनिक देऊन उपयोग नाही. दोन, आजोबा अँटेना नेहमी मुंबईपासून जराशी वाकडी ठेवायचे आणि लोक त्यांना हसायचे. पण यागी अँटेनाचा पुढचा कान मोठा असतो, थोडी फिरवली तर सिग्नल फारसा कमी होत नाही. मागच्या बाजूला मात्र काही अरुंद दिशा अशा असतात की तिथून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. आजोबा वरळी शोधत नव्हते, द्रोणागिरीला बहिऱ्या दिशेत बसवत होते. चौथी शिकलेला माणूस! आम्हाला हे थर्ड इयरला शिकवतात आणि तरीही आम्ही "मॅक्सिमम गेनकडे तोंड करा" असंच लिहितो.

आता डिजिटलकडे येऊ. दूरदर्शनने 2003 मध्ये चार महानगरांत डीव्हीबी-टी पद्धतीचं जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं आणि 2016 मध्ये मुंबईसह 16 शहरांत त्याची पुढची आवृत्ती डीव्हीबी-टी2 आणली. जुनी अॅनालॉग केंद्रं 2022 पर्यंत बहुतेक बंद झाली. मनोरा गप्प झाला म्हणून डोंगर हलला नाही. प्रतिध्वनी अजूनही 15 मायक्रोसेकंद उशिराच येणार. मग डिजिटल टीव्हीत भूत का दिसत नाही?

पहिलं उत्तर जरा भीतिदायक आहे. डिजिटलमध्ये भूत दिसत नाही, कारण ते आलं आणि आवरता आलं नाही तर चित्रच दिसत नाही. चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा. अॅनालॉगमध्ये डोळा दोन बायांतली खरी कोणती ते ठरवायचा. डिजिटलमध्ये ते काम रिसीव्हरने करायचं आहे, आणि काम अवघड आहे. समजा 8 मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर एकामागून एक सिंबॉल पाठवले, सेकंदाला साधारण 70 लाख. मग 15 मायक्रोसेकंदांत शंभराहून जास्त सिंबॉल बसतात. म्हणजे आत्ताचा सिंबॉल येतोय त्याच क्षणी शंभर नंबर मागचा सिंबॉल डोंगरावरून येऊन त्यात मिसळतोय. व्हायवात तुम्ही पाचव्या प्रश्नाचं उत्तर देताय आणि बाहेरून कोणीतरी पहिल्याचं उत्तर ओरडतंय, तसं.

यावर दोन रस्ते निघाले. पहिला वजाबाकीचा. समजा प्रतिध्वनी अर्ध्या ताकदीचा आहे आणि सोपं जावं म्हणून फक्त एक सिंबॉल उशिरा येतो. पाठवले 2, उणे 2, 2, 2. पोचणार काय? पहिला 2. दुसरा उणे 2 अधिक मागच्याचा अर्धा 1, म्हणजे उणे 1. तिसरा 2 उणे 1 म्हणजे 1. चौथा 2 अधिक 1 म्हणजे 3. आता रिसीव्हरला प्रतिध्वनी अर्धा आहे एवढं माहीत असेल तर तो उलट चालतो. पहिला 2, ठीक. दुसऱ्यातून पहिल्याचा अर्धा काढा: उणे 1 उणे 1, उणे 2. तिसऱ्यात दुसऱ्याचा अर्धा उणे 1 काढा, म्हणजे 1 मिळवा: 2. चौथा 3 उणे 1: 2. सगळे परत मिळाले! याला इक्वलायझर म्हणतात. मेसच्या वहीत मागची उधारी वजा करून आजचं बिल काढतात तसंच.

पण उधारी किती हे कळणार कसं? त्यासाठी ट्रान्समीटर मधूनमधून एक ठरलेला, सगळ्यांना माहीत असलेला आकड्यांचा क्रम पाठवतो. रिसीव्हर आलेला क्रम आणि ठरलेला क्रम यांच्यातला फरक बघून आपले गुणांक थोडे थोडे सुधारत जातो. विड्रो आणि हॉफ यांनी 1960 मध्ये मांडलेली एलएमएस पद्धत हीच, आणि 1965 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट लकी यांनी टेलिफोनच्या तारेसाठी असा स्वतःहून जुळवून घेणारा इक्वलायझर केला. डीएसपीच्या प्रॅक्टिकल नंबर सातला आपण सगळे जो कोड एकमेकांचा छापतो, तो हाच.

अमेरिकेने टीव्हीसाठी हाच रस्ता धरला. डिसेंबर 1996 मध्ये तिथे मान्य झालेल्या पद्धतीत एकच कॅरिअर असतो, सेकंदाला एक कोटी सात लाखांहून जास्त सिंबॉल, आणि ठरलेला क्रम सुमारे 24 मिलिसेकंदांतून एकदा. पुस्तकात हे झकास दिसतं. घरात टीव्हीवर छोटी अँटेना ठेवली की सुरुवातीचे रिसीव्हर गोंधळायचे. दोन कारणं वरच्या उदाहरणातच आहेत. रिसीव्हरने पहिलाच सिंबॉल चुकून उणे 2 वाचला असता तर? दुसऱ्यातून उणे 1 काढायचा, उत्तर शून्य, ना इकडचा ना तिकडचा. एक चूक पुढच्याला चिकटते. आणि दुसरं, इमारतीच्या आडोशाने सरळ लहर दबली आणि डोंगराची लहर जास्त जोरात आली तर? मग उधारी मूळ बिलापेक्षा मोठी. प्रत्येक पायरीवर चूक कमी होण्याऐवजी वाढत जाते. 1999 मध्ये सिंक्लेअर या प्रसारण कंपनीने युरोपची पद्धतही वापरू द्या असा अर्ज तिथल्या सरकारी आयोगाकडे केला. 2000 मध्ये तो फेटाळला गेला. पुढे इक्वलायझर खूप सुधारले, पण तिथलीच नवी पद्धत, एटीएससी 3.0, पाहिलीत तर त्यात ओएफडीएम आहे. दक्षिण कोरियाने ती 2017 मध्ये सुरू केली. आमच्या भाषेत, केटी लागून का होईना, विषय सुटला.

ही युरोपची पद्धत, जी दूरदर्शननेही घेतली, म्हणजे दुसरा रस्ता. वजाबाकी करायचीच नाही. हळू बोलायचं.

मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये कोणी भरभर बोललं तर शब्दांवर शब्द चढतात. तोच माणूस एक शब्द म्हणून थांबला, घुमणं विरलं की पुढचा म्हणाला, तर सगळं समजतं. पण मग भाषण संपणार कधी? त्यासाठी एकाऐवजी 6817 माणसं उभी करायची, प्रत्येकाचा सूर वेगळा, सगळे एकदम पण प्रत्येकजण संथ. डीव्हीबी-टीच्या 8के प्रकारात नेमके 6817 कॅरिअर असतात, त्यांच्यात 1116 हर्ट्झचं अंतर, आणि एक सिंबॉल 896 मायक्रोसेकंद चालतो. त्याच्यापुढे आमच्या डोंगराचे 15 मायक्रोसेकंद म्हणजे काहीच नाहीत. 2के प्रकारात 1705 कॅरिअर आणि 224 मायक्रोसेकंद.

प्रत्येक सिंबॉलच्या आधी थोडा मोकळा वेळ, गार्ड इंटरव्हल. मागच्या सिंबॉलचे प्रतिध्वनी या काळात येऊन संपावेत, आणि रिसीव्हरने त्यानंतरच ऐकायला सुरुवात करावी. 8केमध्ये हा वेळ सिंबॉलच्या एक बत्तिसांश, म्हणजे 28 मायक्रोसेकंद, ते एक चतुर्थांश, म्हणजे 224 मायक्रोसेकंद ठेवता येतो. 224 मायक्रोसेकंदांत लहर 67 किलोमीटर जाते. अटल सेतू 21.8 किलोमीटरचा आहे, त्याच्या तिप्पट. एवढ्या लांबून फिरून आलेला प्रतिध्वनीसुद्धा चालेल.

इथपर्यंत मला व्हायवाच्या आधीही येत होतं. अडलं होतं ते पुढे. मोकळ्या वेळात खरंच मोकळं का ठेवायचं नाही? मागच्या सिंबॉलची लुडबुड तर गप्प बसूनही थांबते!

गच्चीवर मी पाटी-खडू घेऊन बसले (अक्षरशः, चुलत भावाची पाटी). रिसीव्हरची खिडकी 896 मायक्रोसेकंदांची. या खिडकीत प्रत्येक कॅरिअरची पूर्ण आवर्तनं बसतात, एखाद्याची 100, शेजारच्याची 101. पूर्ण आवर्तनं बसतात म्हणूनच एफएफटी त्यांना एकमेकांपासून स्वच्छ वेगळं करू शकतो. ऑर्थोगोनल हा शब्द आपण पाठ करतो, त्याचा इथला अर्थ एवढाच. आता सिंबॉलच्या आधी शांतता ठेवली असेल तर डोंगरावरून येणाऱ्या लहरीचं काय होतं? ती 15 मायक्रोसेकंद उशिरा सुरू होते. खिडकीच्या पहिल्या 15 मायक्रोसेकंदांत तिच्या नावाने शांतता, मग 881 मायक्रोसेकंद लहर. शंभर आवर्तनं पूर्ण झालीच नाहीत! अपूर्ण आवर्तनांची लहर एफएफटीत एका जागी बसत नाही, शेजाऱ्यांच्या घरात सांडते. मागच्या सिंबॉलशी भांडण मिटलं, पण शेजारच्या कॅरिअरशी सुरू झालं.

शेपटी कॉपी केली की काय होतं? गौरीच्या रात्री आमच्याकडे बायका फेर धरून नाचतात. तुम्ही उशिरा पोचलात आणि मधूनच मोजायला लागलात, तरी एक पूर्ण फेरा होईपर्यंत मोजलंत की सगळ्या बायका एकेकदाच मोजल्या जातात. सुरुवात कुठून केली याने फरक पडत नाही. सिंबॉलची शेपटी पुढे जोडणं म्हणजे सरळ रेषेचा फेर करणं. उशिरा आलेल्या लहरीच्या बाबतीत खिडकीच्या पहिल्या 15 मायक्रोसेकंदांत शांततेऐवजी तिचीच शेपटी असते, आणि ती पुढच्या भागाला सलग जुळते. आवर्तनं पुन्हा बरोब्बर शंभर. फक्त ती जराशी पुढे-मागे सरकलेली, म्हणजे फेज बदललेली.

आणि एकाच वारंवारतेच्या दोन लहरी मिळवल्या की काय मिळतं? त्याच वारंवारतेची तिसरी लहर, उंची आणि फेज वेगळी. बारावीच्या फिजिक्समध्ये आहे. म्हणजे वरळीची लहर अधिक डोंगराची लहर, अधिक टाकीची, अधिक पलीकडच्या इमारतीची, सगळं मिळून प्रत्येक कॅरिअरसाठी फक्त एक गुणाकार उरतो, एक कॉम्प्लेक्स आकडा. शंभर सिंबॉलांची उधारीची वही संपली, एका भागाकारावर काम आलं! भूत मेलेलं नाही, ते प्रत्येक कॅरिअरच्या उंचीत जाऊन बसलंय.

एवढं कळल्यावर मी एकटीच टाळी वाजवली. खालून आजीने विचारलं, "काय झालं गो?" मी म्हटलं, "भूत सापडलं." तिने लगेच मीठ-मिरची काढली.

ही शेपटीची युक्ती पेलेड आणि रुइझ यांनी 1980 मध्ये मांडली. त्याआधी 1971 मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी एवढे कॅरिअर फूरिए ट्रान्सफॉर्मने एकदम कसे तयार करायचे ते दाखवलं होतं, आणि मध्ये शांतताच ठेवली होती. म्हणजे व्हायवातल्या माझ्या चुकीला नऊ वर्षांची परंपरा आहे. खरं सांगायचं तर गप्प बसूनही काम भागवता येतं. खिडकी संपल्यानंतर येणारं शेपूट उचलून खिडकीच्या सुरुवातीला मिळवायचं, म्हणजे फेर रिसीव्हरने जोडायचा. तेव्हा "चालेल, सर" हे उत्तर अगदी चूक नव्हतं. पण ते का चालेल हे मला ठाऊक नव्हतं, म्हणजे चूकच.

उरला तो एक आकडा ओळखण्याचा प्रश्न. त्यासाठी काही कॅरिअरवर ठरलेली, माहीत असलेली किंमत पाठवतात, त्यांना पायलट म्हणतात. प्रत्येक सिंबॉलमध्ये दर बाराव्या कॅरिअरवर एक पायलट, पुढच्या सिंबॉलमध्ये तो तीन घरं सरकतो, चार सिंबॉलांनी पुन्हा मूळ जागी. त्यांची उंची इतरांपेक्षा मुद्दाम एक तृतीयांशाने जास्त ठेवतात. रिसीव्हर पायलट मोजतो, मधल्या कॅरिअरसाठी अंदाज करतो आणि भागतो. अंदाज पुरेसा होतो का? 15 मायक्रोसेकंदांच्या प्रतिध्वनीने कॅरिअरच्या उंचीवर लाटा उठतात, एक लाट सुमारे 66.7 किलोहर्ट्झची, म्हणजे 60 कॅरिअरची. दर बाराव्या घरात खुंटी असेल तर 60 घरांची लाट आरामात काढता येते. आम्ही ऑक्टेव्हमध्ये उरणचे आकडे घालून पुन्हा सिम्युलेशन केलं. 2के आणि एक बत्तिसांश गार्ड, म्हणजे जेमतेम 7 मायक्रोसेकंद, घेतला तर 64-क्यूएएमचे 64 ठिपके पसरून एकमेकांत घुसले, अगदी भेळ. गार्ड 28 केला आणि पायलटने भागलं की ठिपके आपापल्या घरी!

पण लाटेच्या खळग्यात बसलेल्या कॅरिअरचं काय? प्रतिध्वनी अर्ध्या ताकदीचा असेल तर काही कॅरिअर दीडपट उंच, काही निम्मे. प्रतिध्वनी सरळ लहरीइतकाच जोरात असेल तर काही कॅरिअर साफ शून्य, आणि शून्याने भागायला कोणता कॅलक्युलेटर देणार? इथे कोडिंग कामाला येतं, आणि त्यावर एक स्वतंत्र लेख होईल, म्हणून थोडक्यात. माहिती आधी जादा तपासणीच्या बिट्ससह गुंफतात आणि मग दूरदूरच्या कॅरिअरवर विखुरतात. परीक्षेच्या आदल्या रात्री चौघींच्या नोट्सची झेरॉक्स एकत्र केली की एकीचं फाटलेलं पान दुसरीकडे मिळतं तसं. फक्त फाटलेलं पान कोणतं ते माहीत हवं, आणि ते पायलटवरून कळतंच. रिसीव्हर डीकोडरला सांगतो, हा कॅरिअर खळग्यात आहे, याच्यावर फार विश्वास ठेवू नको. डीव्हीबी-टीमध्ये व्हिटर्बी आणि रीड-सॉलोमन, टी2मध्ये एलडीपीसी आणि बीसीएच.

आता किंमत. गार्डमध्ये नवीन काही पाठवता येत नाही, तो वेळ गेला. द्रोणागिरीसाठी 28 मायक्रोसेकंदांचा गार्ड ठेवायचा असेल तर 2केमध्ये 252 पैकी 28, म्हणजे 11 टक्के वेळ वाया. 8केमध्ये 3 टक्के. टी2मध्ये 32के नावाचा प्रकार आहे, त्यात सिंबॉल 3584 मायक्रोसेकंदांचा. तिथे तेच 28 मायक्रोसेकंद म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. मग सरळ 32केच का घेऊ नये? मलाही तसंच वाटलं होतं. पण कॅरिअर जितके जास्त, तितके ते जवळ. 32केमध्ये दोघांत फक्त 279 हर्ट्झ. आणि उरणमध्ये सगळ्याच गोष्टी डोंगरासारख्या एका जागी बसून नसतात. न्हावा शेव्याला जाणारं कंटेनरचं जहाज तासाला 10 नॉट, म्हणजे सेकंदाला पाच मीटरने चालतं. 500 मेगाहर्ट्झच्या लहरीला, जिची लांबी 60 सेंटिमीटर, ते जास्तीत जास्त 17 हर्ट्झचा डॉपलर देईल. ठीक आहे, खपून जाईल. पण डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावर विमानं उतरायला लागली. सेकंदाला 70 मीटर वेगाचं विमान 230 हर्ट्झच्या वर डॉपलर देऊ शकतं, म्हणजे कॅरिअर जवळजवळ शेजारच्याच्या जागेवर! विमानाचा प्रतिध्वनी अशक्त असतो म्हणून रोज गोंधळ होईल असं नाही. पण हळू बोलणाऱ्याला स्थिर खोली लागते, हा हिशोब चुकत नाही. चालत्या गाडीतल्या टीव्हीसाठी म्हणूनच कमी कॅरिअरचे प्रकार बरे.

गार्डचा एक फायदा मात्र मला सगळ्यात आवडला. रिसीव्हरला डोंगरावरून आलेली लहर आणि दुसऱ्या मनोऱ्यावरून आलेली तीच लहर यांच्यात फरकच कळत नाही. म्हणजे दोन मनोरे एकाच फ्रीक्वेन्सीवर तोच कार्यक्रम देऊ शकतात. अॅनालॉगच्या काळात हे शक्य नव्हतं. 1973 मध्ये पुण्यासाठी सिंहगडावर रिले केंद्र झालं, तेव्हा त्याला मुंबईपेक्षा वेगळं चॅनेल हवं, नाहीतर मध्ये राहणाऱ्यांना भुतंच भुतं. वरळी ते सिंहगड सरळ रेषेत 120 किलोमीटरच्या आसपास, लहरीला सुमारे 400 मायक्रोसेकंद. डीव्हीबी-टीचा सगळ्यात मोठा गार्ड 224, तो सगळीकडे पुरेल याची खात्री नाही. टी2चा सगळ्यात मोठा 532, पुरतो. असं जाळं तिथे आहे असं मी म्हणत नाही, कागदावरचा हिशोब सांगते आहे. पण ज्या प्रतिध्वनीला आजोबा आयुष्यभर हाकलत होते, तो इथे मुद्दाम बोलावला जातो, हे त्यांना सांगायला मला आवडलं असतं.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी डिश आहे, आम्हाला याचं काय? बरोबर. उपग्रहाकडे तोंड केलेल्या डिशचा कान इतका अरुंद असतो की तिला डोंगर दिसतच नाही. पण हॉस्टेलचं वाय-फाय? तिथेही ओएफडीएमच. नेहमीचा सिंबॉल 3.2 मायक्रोसेकंद, गार्ड 0.8, म्हणजे 240 मीटर जादा रस्त्याचा प्रतिध्वनी चालतो. आपल्या कॉरिडॉरला पुरून उरतो, तेव्हा सबमिशनच्या रात्री नेट गेलं तर त्याला मल्टिपाथ जबाबदार नाही, दुसऱ्या मजल्यावर कोण काय डाउनलोड करतंय ते बघा. आणि फोरजीत नेहमीचा गार्ड 4.7 मायक्रोसेकंद, म्हणजे 1400 मीटर. जिथे डोंगर लांब आणि टॉवर मोठ्या भागासाठी, तिथे वापरायला आणखी एक मोठा गार्ड ठरवून ठेवलाय, 16.7 मायक्रोसेकंदांचा. 300 ने गुणा. पाच किलोमीटर. आमच्या गच्चीवरून द्रोणागिरीला जाऊन परत यायला बरोबर पुरतो.

परवा घरी फोन केला तेव्हा आजी म्हणाली, दोरी फार ओढली जाऊन खांब वाकडा झालाय, पप्पा काढून टाकायचं म्हणतायत. मी सांगितलंय, मी येईपर्यंत थांबा. त्याचं तोंड नक्की किती अंश वाकडं होतं ते मला मोजायचंय. तळाला सिमेंटमध्ये आजोबांनी खूण केलेली आहे.